सँक्शन्सच्या कामासाठी लंडनला येण्याआधी

तू मला ताई म्हणून लिहिलंस, तर मीही अगं-तुगंनंच उत्तर देते. तुझा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात एका बँकेच्या बॅक ऑफिसात चार वर्षं नाव-स्क्रीनिंगचे अलर्ट (ग्राहकाचं नाव निर्बंध यादीतल्या नावाशी जुळलं की सिस्टिम देते ते इशारे) बघतेस, आता लंडनच्या टीममध्ये रशियावरच्या निर्बंधांच्या याद्या, म्हणजे ज्यांचे पैसे गोठवायचे त्यांच्या नावांच्या याद्या, सांभाळायचं काम देऊ करताहेत, मुलगी सहा वर्षांची आहे. यावं का? आणि यादी अपडेट करणं म्हणजे फाइल उतरवून सिस्टिमला चढवणं एवढंच असेल, तर त्यासाठी घरदार हलवावं का?

काम एवढंच असतं तर मी नको म्हटलं असतं. पण ते तेवढं नाही. पुण्यात तू अलर्ट बंद करतेस किंवा वर पाठवतेस. इथे वर पाठवलेलं तुझ्याकडेच येईल. समोरचा माणूस यादीतलाच आहे की नुसता नावाचा सारखा, हे तू ठरवणार आणि का ठरवलंस ते स्वतःच्या नावानं लिहिणार. हे आवडणार असेल तर ये.

थोडं मागचं सांगते, कारण जुन्या फाइली उघडल्यास की ते लागतंच. १६ मार्च २०१४ ला युक्रेनच्या क्रिमिया भागात रशियात सामील होण्यावर सार्वमत झालं आणि दुसऱ्याच दिवशी युरोपीय संघानं २१ जणांची पहिली यादी काढली. कारण दिलं होतं युक्रेनची प्रादेशिक अखंडता आणि सार्वभौमत्व धोक्यात आणल्याचं. ब्रिटन तेव्हा संघात होता, त्यामुळे ती नावं तशीच इथल्या यादीत आली, ‘युक्रेन (सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडता)’ या मथळ्याखाली. ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० ला संपला, ब्रिटनचे स्वतःचे रशिया नियम लागू झाले आणि मथळा नुसता ‘रशिया’ झाला. म्हणून २०१८ मधला एखादा निर्णय शोधताना ‘रशिया’ टाकलंस तर तो मिळणार नाही. माझा पहिला आठवडा यातच गेला होता, तुझा जाऊ नये.

२०१४ ला मी तुझ्यासारखीच पुण्यात होते. २१ नावं म्हणजे दुपारभराचं काम होतं. २०२२ ला मी इथे होते. २४ फेब्रुवारीला युद्ध सुरू झालं आणि ११ मार्चला ब्रिटननं एकाच दिवशी रशियन संसदेच्या ३८६ सदस्यांना यादीत टाकलं. प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख. त्या महिन्यात आम्ही आळीपाळीनं झोपलो. पुढे इतकी गर्दी पुन्हा रोज होत नाही, पण कधी होईल हे आधी कुणी सांगत नाही, आणि नोटीस आली की ‘उद्या सकाळी बघू’ म्हणता येत नाही. कायद्यात उद्या नाहीच. नाव यादीत आलं त्या क्षणापासून पैसे गोठवायचे असतात.

नोटीस ब्रिटिश सरकारकडून येते आणि पैशाच्या निर्बंधांची अंमलबजावणी अर्थखात्याचं आर्थिक निर्बंध कार्यालय बघतं. हे कार्यालय २०१६ मध्ये सुरू झालं आणि इथे सगळे त्याला ‘ऑफसी’ म्हणतात. मजकुराचा साचा ठरलेला असतो: या व्यक्तींची खाती, पैसा किंवा इतर मालमत्ता तुमच्याकडे आहे का ते तपासा, असेल तर गोठवा, परवान्याशिवाय हात लावू नका, ऑफसीला कळवा. खाली जोडपत्रात नावं. नव्यानं आलेली, बदललेली आणि काढलेली. यादी स्वतः परराष्ट्र खात्याची. पूर्वी ऑफसीची एक वेगळी एकत्रित यादीही असायची. २८ जानेवारी २०२६ पासून ती बंद झाली आणि ब्रिटनची एकच यादी उरली. तुमच्या पुण्याच्या टीमच्या कार्यपद्धतीत अजून जुन्या यादीचं नाव असेल तर आधी ते बदलून घे.

नवीन नावांची सगळ्यांना धास्ती असते, म्हणून तिथे चुका कमी होतात. चुकतं ते बदललेल्या नोंदीत.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. इथे ‘गुड गाय लिस्ट’ म्हणतात ती तुला माहीत असेल: एखाद्या ग्राहकाचं नाव यादीतल्या कुणाशी जुळतं, पण तो माणूस तो नव्हे हे एकदा तपासून नोंदवलं की पुढच्या वेळी अलर्ट येत नाही. आमचा एक ग्राहक, ड्रायव्हरचं काम करणारा, असाच त्या यादीवर होता. निर्बंध यादीतल्या त्याच्या नामसारख्याचं फक्त जन्मवर्ष दिलेलं होतं, दिवस आणि महिन्याच्या जागी नुसत्या रेघा. मग एक दुरुस्तीची नोटीस आली आणि त्या नोंदीत पूर्ण जन्मतारीख भरली गेली. मी नोटीस वाचली, ‘जन्मतारीख वाढली, म्हणजे ओळख सोपीच झाली’ असं मनात म्हणून पुढे गेले. सिस्टिमनं मात्र नोंद बदलली म्हणून तिच्याशी जोडलेल्या सगळ्या जुन्या मंजुऱ्या रद्द केल्या. तिनं बरोबरच केलं. त्या मंजुऱ्या पुन्हा तपासायचं काम माझं होतं आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. त्या माणसानं आईला पाठवलेले पैसे नऊ दिवस अडकले. आईची औषधं त्यावर होती. नव्या जन्मतारखेनं तो निर्दोष आहे हे तर आणखी स्पष्ट झालं होतं, दोन मिनिटांत सुटलं असतं. त्याला फोन मीच केला. तो रागावला नाही, ‘आता मिळतील ना?’ एवढंच विचारलं. ते अजून कानात आहे.

उलटंही होतं आणि ते जास्त धोक्याचं. दुरुस्तीत एखादं नवं उपनाव किंवा पासपोर्ट क्रमांक येतो आणि ज्याला आपण ‘तो नव्हे’ म्हटलं होतं तो तोच निघतो. म्हणून माझा नियम सोपा आहे: जुनी आणि नवी नोंद शेजारी ठेवायची, एकेक रकाना वाचायचा, आणि बदललेल्या प्रत्येक रकान्यापुढे ‘यामुळे कुठला जुना निर्णय हलतो?’ हे लिहायचं. डेल्टा फाइल फक्त बदल दाखवते. त्या बदलाचा अर्थ तुलाच लावायचा असतो.

काढलेल्या नावांचंही तसंच. माणूस मरतो, न्यायालय नोंद रद्द करतं, सरकार स्वतःहून वगळतं. नाव वगळल्यावर खातं गोठलेलंच राहिलं तर तो त्या माणसावर अन्याय आहे, मग तो आपल्याला आवडो न आवडो. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयानं वॅग्नर या रशियन भाडोत्री सैन्याचा प्रमुख प्रिगोझिन याच्या आईची नोंद रद्द केली. केवळ नातं हे कारण पुरेसं नाही, असं म्हटलं. हे निकाल वाचत जा. कारणांचा रकाना किती गंभीरपणे लिहावा लागतो ते त्यातून कळतं.

आता नावांबद्दल, कारण इथे मराठी माणसाला खरंच एक फायदा आहे. रशियन नाव आपल्यासारखंच असतं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. इथले सहकारी मधलं नाव ‘असलं तर असलं’ म्हणून सोडून देतात. आपल्याला उपजत कळतं की मधलं नाव म्हणजे बाप, आणि बाप वेगळा तर माणूस वेगळा. पहिल्या यादीतलं पहिलंच नाव घे, क्रिमियातले रशियाधार्जिणे नेते सेर्गेई वालेर्येविच अक्स्योनोव. जन्म २६ नोव्हेंबर १९७२, मोल्दोवातलं बेल्त्सी. रशियन छपाईत ‘यो’ अक्षरावरचे दोन टिंब बहुतेक वेळा गाळतात, म्हणून तेच आडनाव कुठे अक्स्योनोव, कुठे अक्सेनोव, कुठे अक्सियोनोव होतं. युक्रेनी कागदावर सेर्गेईचा सेर्हिय होतो. बेल्त्सीचं रोमानियन रूप बल्त्सी. बायकांच्या आडनावाला बहुधा शेवटी ‘आ’ लागतो, म्हणून पत्नीचं नाव यंत्राला थोडं वेगळं दिसतं. येण्याआधी सिरिलिक लिपी शीक. ३३ अक्षरं आहेत, देवनागरी येणाऱ्याला पंधरा दिवस पुरतात. भाषा नाही आली तरी चालेल. मूळ लिपीतलं नाव वाचता आलं की निम्मे संशय तिथल्या तिथे मिटतात.

युक्रेनमधल्या गावांची नावंही बदललेली आहेत. २०१६ मध्ये आर्तेमिव्स्कचं बाख्मुत झालं, द्नीप्रोपेत्रोव्स्कचं द्नीप्रो. जुन्या पासपोर्टवर जुनं नाव, नव्यावर नवं, आणि दोन्ही खरे. जन्मस्थळ जुळत नाही म्हणून ‘हा तो नव्हे’ असं लिहिण्याआधी नकाशा उघड.

आणि एक विनंती, नियम म्हणून नव्हे. २०२२ नंतर कितीतरी युक्रेनी कुटुंबं ब्रिटनमध्ये आली. त्यांतल्या काहींच्या पासपोर्टवर जन्मस्थळ सिम्फेरोपोल किंवा सेव्हास्तोपोल आहे, म्हणजे क्रिमिया. प्रदेशाच्या निर्बंधांमुळे यंत्र ते शब्द दिसले की थांबतं. ज्या युद्धामुळे ती बाई घर सोडून आली, त्याच युद्धावरच्या निर्बंधांत तिचं खातं अडकतं. जन्मस्थळ हा गुन्हा नाही, निर्बंध तिथे चालणाऱ्या व्यवहारांवर आहेत. असे अलर्ट रांगेत मागे ठेवू नकोस. माझ्या मते ते सगळ्यात आधी बघायचे असतात.

एक यादी शिकून भागत नाही हेही लक्षात ठेव. लंडनच्या बँकेत ब्रिटन, युरोपीय संघ आणि अमेरिका अशा तिन्ही याद्या चालतात आणि त्या एकसारख्या नाहीत. संघाच्या या यादीतल्या नोंदी दर सहा महिन्यांनी नव्यानं मंजूर कराव्या लागतात, १५ मार्च आणि १५ सप्टेंबर. त्या सुमारास रजा मागू नकोस. ब्रिटनच्या यादीत नाव काढेपर्यंत राहतं. यादीतल्या माणसाची कंपनी स्वतः यादीत नसली तरी अडकू शकते. त्यासाठी अमेरिका ५० टक्के किंवा त्याहून जास्त मालकी धरते आणि यादीतल्या अनेकांचे हिस्से एकत्र मोजते. ब्रिटनमध्ये ५० टक्क्यांहून जास्त लागते, पण मालकी नसली तरी प्रत्यक्ष नियंत्रण असलं तर कंपनी अडकते. बरोबर ५० टक्के हिस्सा असेल तर दोन्हीकडे उत्तर वेगळं येऊ शकतं. मुलाखतीत हे हमखास विचारतात.

जबाबदारीचं स्पष्टच सांगते. १५ जून २०२२ पासून ब्रिटनमध्ये दिवाणी दंड लावताना ‘तुम्हाला माहीत होतं’ हे सिद्ध करावं लागत नाही. दंड दहा लाख पौंड किंवा उल्लंघनाच्या रकमेच्या निम्मा, यांतला जो मोठा तो, इथपर्यंत जाऊ शकतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. घाबरवायला सांगत नाही. तुझ्या लिहिलेल्या कारणाला इथे इतकी किंमत का, ते यावरून कळावं. ‘नाव जुळत नाही’ हे कारण नव्हे. काय जुळलं, काय नाही, कुठल्या कागदावरून, हे लिहिलेलं असलं की दोन वर्षांनी कुणी विचारलं तरी तू ताठ उभी राहशील.

व्हिसाचं थोडक्यात. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी २२ जुलै २०२५ पासून सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंड आहे, किंवा त्या कामाचा ठरलेला दर, जो जास्त असेल तो. कामही पदवी पातळीचं हवं. म्हणून ऑफर लेटरवर कुठला ऑक्युपेशन कोड (व्हिसासाठी कामाच्या प्रकाराचा सरकारी क्रमांक) टाकताहेत ते आत्ताच लेखी विचार. पदाचं नाव ‘अ‍ॅनालिस्ट’ असलं म्हणजे झालं असं समजू नकोस. पदवी पातळीच्या खालचा कोड पडला तर सगळंच अडतं. सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना ७७६, आणि तो व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा अर्ज करतानाच भरायचा असतो. सगळ्या घराचा मिळून आकडा मोठा होतो. कंपनी किती भरणार हे पगाराची बोलणी संपण्याआधी ठरवून घे, नंतर कुणी ऐकत नाही.

प्रमाणपत्रांवर आत्ता पैसे घालू नकोस. आधी ब्रिटनचे २०१९ चे रशिया नियम मुळातून वाच. सगळे नकोत, व्यक्तींना यादीत टाकण्याचे निकष, गोठवणं आणि परवाने एवढे भाग पुरेत.

पुढच्या कॉलला त्यांना चार गोष्टी विचार. नोटीस आल्यापासून यादी सिस्टिमला चढेपर्यंत किती वेळ लागतो? दुरुस्तीनंतर गुड गाय लिस्ट कोण तपासतं? काढलेल्या नावांची खाती मोकळी करायची जबाबदारी कुणाची? संध्याकाळी उशिरा नोटीस आली तर थांबायची पाळी कशी लावतात? चौथा प्रश्न मुलीसाठी आहे. शाळा तीन-सव्वातीनला सुटते आणि नोटीस शाळेची वेळ बघून येत नाही. पाळीचं वेळापत्रक लेखी असलेली टीम असेल तर निभतं, माझं निभलं. ‘सगळे मिळून बघतो’ असं उत्तर आलं तर शेवटी कोण थांबतं ते नीट खोदून विचार.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला अडखळले तरी लगेच नाही म्हणू नकोस. कदाचित त्याच कामासाठी ते तुला बोलावताहेत, आणि तसं असेल तर पदाच्या वर्णनात ते लिहून घे. ऑक्युपेशन कोड कळला की मला लिही, शनिवारी निवांत फोनवर बोलू.