मॅटवर उडतो, टर्फवर मार बसतो

प्रश्न : दादा नमस्कार, मी 18 वर्षांचा, कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, डावखुरा मिडियम पेसर. यंदा महाराष्ट्राच्या अंडर-19 मधून कूचबिहार ट्रॉफीची एक मॅच खेळलो, तीन मॅच बाहेर बसून पाणी दिलं. त्या एका मॅचमध्ये विकेट एकच आणि मार भरपूर. इथं मॅटवर (मॅटिंग अंथरलेल्या पिचवर) माझा बॉल छातीपर्यंत येतो, तिथं टर्फवर (माती-गवताच्या पिचवर) तोच बॉल सगळे आरामात पुल मारत होते. पप्पा म्हणतात बी.कॉम. पूर्ण कर, मामा म्हणतो कॉलेज सोड, पुण्यात रूम घे, दोन वर्षांत आयपीएल. पेठेत सगळे फुटबॉलवाले, त्यांना काय विचारणार. आजोबा रोज भाऊसाहेब निंबाळकरांच्या एका इनिंगमधल्या नाबाद 443 रनांची गोष्ट ऐकवतात ते वेगळंच. काय करू?

उत्तर : भावा, मामाचं नंतर बघू, आधी बॉलचं बोलू कारण खरं दुखणं तिथं आहे. मॅटवर बॉल कुठंही पडू दे, सारखा आणि उंच येतो, त्यामुळं थोडा आखूड टाकायची सवय लागते आणि विकेटही मिळतात, म्हणून कोणी टोकत नाही. टर्फवर त्याच टप्प्याचा बॉल कमरेला येतो, बॅट्समनला वेळ मिळतो, मग पुल मारणारच की. तुझा टप्पा हातभर नाही, चांगला दीड-दोन हात पुढं, बॅट्समनकडं पडायला पाहिजे. समोरच्या स्टंपपासून सहा-एक मीटरवर जुनी चप्पल ठेव आणि रोज पाच-सहा ओव्हर फक्त तिच्यावर टाक. सुरुवातीला ड्राइव्ह खाशील, खा. उजव्या बॅट्समनला आत येणारा बॉल पुढं पडला तरच एलबीडब्ल्यू मिळतो, डावखुऱ्याची खरी कमाई तीच.

आता मामा. ऋतुराज गायकवाड पुण्यातच वाढलेला, म्हणजे रूमचा प्रश्नच नव्हता, तरी रणजी ट्रॉफीत ऑक्टोबर 2016 ला आला आणि आयपीएलची पहिली मॅच मिळाली 2020 ला. त्यातही पहिल्या तीन इनिंग 0, 5, 0, मग कुठं नाबाद 65. मामाला हे चार आकडे दाखव.

तुझी गोष्ट अजून अवघड आहे, कारण अंडर-19 चं वय संपलं की पुढं अंडर-23, म्हणजे सी. के. नायडू ट्रॉफी, आणि तिथं बावीस वर्षांची तयार पोरं तुझ्या जागेसाठी उभी असतात. कितीतरी पोरं याच उडीत गळतात, आमच्या बॅचची तर निम्मी गळाली (मी पण त्यातलाच, असो). पैशाचं म्हणशील तर 2021 ला ठरलेल्या रेटनं अंडर-19 ला अकरामध्ये असलास तर दिवसाला 20,000, राखीव असलास तर निम्मे. म्हणजे चार दिवसांच्या मॅचचे तुझे 80,000, आणि तीन वेळा बाहेर बसल्याचे 40,000 प्रमाणे 1,20,000, टीडीएस कापून काय ते हातात. एकदम दोन लाख दिसतात म्हणून घरचे हुरळतात, पण पुढच्या वर्षी टीममध्ये नाव नसलं तर हेच शून्य. त्यातून बाईक घेऊ नकोस, बूट आणि फिजिओला ठेव.

त्यामुळं रूम नको, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट करून तू तिकडं एकटा डबा खात बसणार. एप्रिल-मे मध्ये महिनाभर पुण्याला नातेवाइकांकडं राहा, रोज टर्फवर टाक आणि परत ये. जून ते सप्टेंबर आपल्याकडं मैदानाचं तळं होतंय, तेव्हा जिम आणि पळणं.

आजोबांना बोलू दे. डिसेंबर 1948 ला पुण्यात काठियावाडची टीम लंचलाच मॅच सोडून गेली म्हणून ब्रॅडमनचा 452 रनांचा रेकॉर्ड राहिला नऊ रनांनी, हे ते रंगवून सांगत असतील. त्या 443 नंतरही निंबाळकरांना एकही टेस्ट मिळाली नाही, ते सांगतात का बघ.

आणि बी.कॉम. चालू ठेव. सेमिस्टरची परीक्षा सीझनवरच येते, म्हणून निवडीचं पत्र हातात पडलं की त्याच दिवशी झेरॉक्स जोडून कॉलेजला अर्ज दे, आणि अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर आवक-जावकचा शिक्का मारून घे.