"एवढी मोठी कंपनी कशाला बुडेल?"

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मित्रा,

परवा मिसळ खाताना तू अगदी सहज म्हणालास, "ताई, पाचही क्लायंटच्या साइट एकाच कंपनीच्या वेबसाइट बिल्डरवर, त्यांच्या तयार साच्यांवर टाकतो. डोमेन म्हणजे साइटचा पत्ता तिथलाच, मेल तिथलाच, फॉर्मसुद्धा. एवढी मोठी कंपनी कशाला बुडेल?" मी हसले आणि आणखी दोन पाव मागवले. टाळायचं म्हणून नाही. याचं उत्तर तर्री भुरकता भुरकता देण्यासारखं नव्हतं, आणि मागच्या टेबलावर तुझा शाळावाला क्लायंट बसला होता.

तर ऐक, उत्तर याहूच्या गोष्टीत आहे. तुझ्यासाठी याहू म्हणजे वडिलांचा जुना मेल आयडी. आम्ही मात्र इंटरनेट सुरू करायचो म्हणजे याहू उघडायचो. २००० साली मी शालिमारजवळच्या एका नेट कॅफेत तासाला चाळीस रुपये मोजून बसायचे. मोडेमची किरकिर थांबली की पहिलं पान तेच. लाइन मध्येच तुटली तरी अर्धं आलेलं पान वापरता यायचं, कारण त्यात बहुतेक निळ्या, अधोरेखित लिंकाच होत्या. कॅफेवाल्या काकांना मी एकदा म्हटलंही, काय हे टेलिफोन डिरेक्टरीसारखं पान! ते म्हणाले, "उघडतंय ना?" डिझाइनचा माझा पहिला धडा हाच. तो धडा आहे हे कळायला मात्र सात वर्षं गेली.

डिरेक्टरी हा शब्द चुकून बरोबरच निघाला होता. स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये सुरू केली ती साइट्सची यादीच होती. माणसं बसून साइट बघायची आणि योग्य त्या खणात टाकायची, किराणा दुकानात कडधान्यं एका फळीवर आणि मसाले दुसऱ्या फळीवर लावतात तसं. माल वाढत गेला, फळ्या पुरेनात. मग जून २००० मध्ये याहूने आपल्या शोधासाठी गूगलचं इंजिन घेतलं. म्हणजे आपल्याच दुकानात शेजाऱ्याला टेबल टाकून दिलं. २००४ मध्ये ते टेबल उचललं, तोवर गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या दुकानाचा रस्ता शिकलं होतं.

मला ताळेबंद वाचता येत नाही. कंपनीची माणसं टीव्हीवर काय बोलतात त्यावरही माझा फारसा विश्वास नाही. पण पान वाचता येतं. त्या काळात याहूचं होमपेज मी जवळजवळ रोज बघायचे, आणि ते दाटत गेलेलं मला दिसत होतं. मेल, मेसेंजर, ग्रुप्स, खरेदी, शेअर बाजार, राशिभविष्य, क्रिकेट. प्रत्येक लिंकच्या मागे एक विभाग आणि त्या विभागाचा एक साहेब असणार, हे मला क्लायंटच्या मीटिंगांत बसायला लागल्यावर उमगलं. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॅड गार्लिंगहाउस या त्यांच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याचं अंतर्गत टिपण बाहेर फुटलं. कंपनी पावावर पीनट बटर पसरावं तशी सगळीकडे पातळ पसरली आहे, असा त्याचा सूर. आपल्याकडे वाटीभर तुपात सबंध पंगत उरकतात, तसंच. त्याला जे आतून दिसलं ते पानावर आधीच आलेलं होतं.

तुझ्या शाळेच्या साइटचंच घे. अध्यक्षांचा फोटो वर, त्याखाली संस्थापकांचा, मग सात फोटोंचा स्लायडर म्हणजे सरकती पट्टी, कारण सातही विश्वस्तांना आपापला कार्यक्रम हवा. पालकाला लागते फी भरायची लिंक आणि बसवाल्या मामांचा नंबर. दोन्ही तळाला गेले. तू मला रंगसंगती विचारत होतास. अरे, तिथे भांडण रंगाचं नव्हतंच.

आता याच कंपनीची दुसरी बाजू सांगते. ती सांगितली नाही तर तुला वाटेल, ताई जुन्या हिशोबावर उगाच चिडल्या आहेत. पान कसं बांधावं हे मी जे शिकले त्यातला निम्मा भाग याहूच्या इंजिनिअरांकडून शिकले, आणि तोही फुकट. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांनी वाययूआय ही पान बांधायच्या तयार कोडची आपली पेटी सगळ्यांना खुली केली. कुठल्या ब्राउझरला काय द्यायचं, याचीही त्यांनी प्रतवारी मांडली होती: चांगल्या ब्राउझरला सगळा थाट, फार जुन्याला साधं पण चालणारं पान. त्या वेळी आम्ही इंटरनेट एक्स्प्लोरर ६ या हट्टी ब्राउझरसमोर डोकं आपटत होतो. त्या प्रतवारीने मला क्लायंटला शांतपणे समजावायची भाषा दिली.

२००७ मध्ये याहूचंच वायस्लो आलं. फायरफॉक्स ब्राउझरच्या फायरबग या जोडणीत बसणारं छोटं साधन, पान तपासून ए पासून एफपर्यंत श्रेणी द्यायचं. मी मोठ्या तोऱ्यात दिंडोरीच्या एका द्राक्ष निर्यातदाराची साइट त्यात टाकली. एफ! शाळेत कधी नापास झाले नव्हते. बघितलं तर घडांचे पाच फोटो कॅमेऱ्यातून काढून तसेच चढवलेले, एकेक चारशे केबीचा. स्क्रिप्टच्या, म्हणजे पानाला हलतं करणाऱ्या कोडच्या, नऊ फायली, सगळ्या पानाच्या डोक्यावर, म्हणजे त्या उतरेपर्यंत समोरचा माणूस पांढऱ्या पडद्याकडे बघत बसणार. याहूचे स्टीव्ह साउडर्स आणि त्यांच्या टीमचं म्हणणं साधं होतं: वाट बघण्यातला बहुतेक वेळ सर्व्हरवर जात नाही, तो पानाचे सुटे भाग आणण्यात जातो. म्हणून फायली एकत्र करा, रंगरूपाची स्टाइल फाइल वर ठेवा, स्क्रिप्ट तळाला न्या, फायलींचा आकार दाबून पाठवा, एकदा आणलेलं पुन्हा आणायला लावू नका. असे चौदा नियम. तीन रात्री बसून मी ती साइट बी श्रेणीपर्यंत आणली. निर्यातदार शेठना त्यातलं काही कळलं नाही. पण ओझरच्या त्यांच्या पॅकहाउसमधल्या रडक्या कनेक्शनवर पान पटकन उघडलं, तेव्हा ते खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ आले. कॅफेवाले काका मला तेव्हा आठवले.

ज्या वर्षांत ही माणसं इतकं नेटकं काम करत होती, त्याच वर्षांत कंपनीची दिशा हरवत होती. चांगले सुतार आणि भांडणारे मालक एकाच वाड्यात असू शकतात. वाययूआयचं काम २०१४ मध्ये थांबलं. स्क्रिप्ट मी आजही उगाच डोक्यावर ठेवत नाही.

पैशाची गोष्ट थोडक्यात, कारण सगळे तीच सांगतात. फेब्रुवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ४४.६ अब्ज डॉलर देऊ केले, याहूने नाही म्हटलं. २०१७ मध्ये व्हेरायझन या अमेरिकन टेलिफोन कंपनीने कंपनीचा मुख्य धंदा ४.४८ अब्जांना घेतला. लोक हे दोन आकडे शेजारी ठेवून हळहळतात. पण दुसऱ्या आकड्यात अलीबाबा या चिनी कंपनीतला याहूचा हिस्सा नव्हता. २००५ मध्ये एक अब्ज डॉलर देऊन याहूने अलीबाबाचा ४० टक्के हिस्सा घेतला होता, आणि नंतरच्या वर्षांत याहूच्या शेअरला खरं वजन त्याचंच होतं. स्वतःच्या शेतात रात्रंदिवस राबून जे आलं नाही ते बांधापलीकडच्या शेतातल्या भागीदारीत आलं. असो.

मला त्यापेक्षा २०१३ चा ऑगस्ट जास्त सलतो. मारिसा मेयर तेव्हा प्रमुख होत्या. नवा लोगो येणार म्हणून याहूने तीस दिवस रोज एक वेगळा लोगो लावला, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला खरा दाखवला. त्यातलं उद्गारचिन्ह मुद्दाम ९ अंशांत कललेलं. त्या कलण्यावर आम्ही डिझायनर मंडळी आठवडाभर वाद घालत होतो, मीही त्यात होते. त्याच ऑगस्टच्या सुमारास कोणीतरी त्यांच्या खात्यांच्या माहितीत शिरलेलं होतं. हे जाहीर झालं डिसेंबर २०१६ मध्ये, आणि एकूण एक, तीन अब्ज खाती त्यात होती हे ऑक्टोबर २०१७ मध्ये. तेव्हापासून कोणी लोगो बदलायला आलं की मी आधी विचारते, बॅकअप कुठे आहे?

आता तुझा प्रश्न. गोदेला पूर आला की आपण सगळे विचारतो, नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी? कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. बातम्यांतही तेच येतं. पण रामकुंडाजवळच्या टपरीवाल्याला विचार. पाणी मारुतीच्या पायाला लागलं की तो सामान उचलतो. तू मारुती बुडेल का विचारतोयस, आणि तुझे पाचही क्लायंट टपरीवाले आहेत.

जिओसिटीज घे, लोकांना फुकटात आपापली पानं बांधू देणारी सेवा. १९९९ मध्ये याहूने ती साडेतीन अब्ज डॉलरच्या आसपास किमतीला घेतली, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. लाखो लोकांची पानं त्यावर होती. याहू त्या वेळी बुडाली नव्हती, चांगली चालू होती. मेसेंजर २०१८ मध्ये गेला, ग्रुप्स २०२० मध्ये. आपल्याकडच्या याहूच्या बातम्या आणि क्रिकेट २६ ऑगस्ट २०२१ ला थांबलं, तेही डिजिटल माध्यमांतल्या परदेशी गुंतवणुकीचे नियम बदलले म्हणून. मेल सुरूच राहिला. एकेका सेवेवरून कंपनीचं लक्ष उडालं, किंवा कुठल्या देशाचा कायदा बदलला, एवढं पुरतं.

माझी स्वतःची फजिती सांगते, ती कोणाला सांगत नसते. एका क्लायंटचं डोमेन मी घाईत माझ्याच एका फुकटच्या मेल खात्यावर नोंदवलं. ते खातं वापरात राहिलं नाही, नूतनीकरणाच्या सूचना तिथेच साचत गेल्या. ऐन द्राक्षाच्या हंगामात, फेब्रुवारीत, साइट गेली आणि तिच्या जागी जाहिराती दिसायला लागल्या. डोमेन परत मिळालं, पण अकरा दिवसांनी. खोक्यांवर, व्हिजिटिंग कार्डांवर, बागेच्या पाटीवर, सगळीकडे तोच पत्ता छापलेला. शेठ रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "ताई, ते माझं नव्हतं का?" चूक त्या मेल कंपनीची नव्हती, सगळी माझी होती.

तेव्हा बिल्डर खुशाल वापर. छोट्या दुकानाला तो पुरतो, आणि पंधरा हजारांत कोणी तुझ्याकडून हाताने बांधून घेणार नाही हे मलाही कळतं. पण डोमेन वेगळीकडे, क्लायंटच्या नावावर, त्याच्या मोबाइल नंबरवर घे. मेल त्याच्या डोमेनचा ठेव, म्हणजे उद्या सेवा बदलली तरी कार्ड बदलायला नको. मजकूर आणि मूळ फोटो साध्या फोल्डरमध्ये ठेवून त्याला पेन ड्राइव्हवर दे. तो पेन ड्राइव्ह हरवेल, मग दुसरा दे. आणि त्या मोठ्या कंपनीची माणसं जे काही लिहून ठेवतात, पानाचा वेग, अक्षरांचा आकार, अंधांना वाचून दाखवायची सोय, ते सगळं वाच. त्याला कुठे भाडं पडतं?

शनिवारी दुपारी ये. येण्याआधी पाचही डोमेन कोणाच्या नावावर आहेत ते तपास आणि कागदावर लिहून आण. शाळेचं आधी बघ. ते आधीच्या डिझायनरच्या नावावर असणार असं मला वाटतंय, आणि त्याने फोन बदललाय.

तुझी,
ताई