झेफरची विंडो काळीच राहते आणि ॲप बाहेर मेन डेस्कटॉपवर उघडतं, काय करावं?

काळी विंडो म्हणजे बिघाड नाही हो, झेफर हा नुसता एक्स सर्व्हर आहे, म्हणजे लिनक्सवर ॲप्सना चित्र काढायला एका विंडोत वेगळी स्क्रीन देणारा प्रोग्राम; आत विंडो मॅनेजर (विंडोंना चौकट देणारा, हलवू देणारा प्रोग्राम) किंवा ॲप तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय तिथे काही दिसणारच नाही. ॲप बाहेर उघडतंय कारण तुमच्या टर्मिनलमधला डिस्प्ले व्हेरिएबल (ॲपने कुठल्या स्क्रीनवर उघडायचं ते सांगणारी सेटिंग) अजून मेन स्क्रीनकडेच बोट दाखवतोय, बहुतेक कोलन शून्य. झेफर कोलन एकवर चालू असेल तर त्याच टर्मिनलमध्ये डिस्प्ले कोलन एक असा एक्सपोर्ट करा, मग आधी ओपनबॉक्ससारखा विंडो मॅनेजर लावा आणि त्यानंतर ॲप.

एवढं करूनही बाहेरच उघडलं तर तुम्ही वेलँड सेशनमध्ये (वेलँड म्हणजे एक्सच्या जागी आलेली नवी डिस्प्ले पद्धत) आहात का बघा, कारण जीटीके या टूलकिटवर बनलेली ॲप्स वेलँड सापडलं की डिस्प्लेकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यासाठी त्या टर्मिनलमध्ये जीडीके बॅकएंड (GDK_BACKEND) हा व्हेरिएबल x11 असा एक्सपोर्ट करायचा. फायरफॉक्सचं अजून वेगळंच नाटक, आधीच चालू असेल तर नवीन विंडो जुन्याच प्रोसेसमधून बाहेर काढतो, त्याला वेगळं प्रोफाइल द्या.

आणि झेफर सुरूच होत नसेल, डिस्प्ले १ वर सर्व्हर आधीच ॲक्टिव्ह आहे असं म्हणत असेल, तर सरळ कोलन दोन वापरा. टेम्प फोल्डरमधली लॉक फाइल उडवायची घाई नको, आधी तिच्यातल्या नंबरची प्रोसेस खरंच जिवंत आहे का ते पीएस कमांडने बघा, काही डिस्ट्रोंवर तुमचं चालू सेशनच कोलन एकवर असतं! माउस आत अडकला तर कंट्रोल आणि शिफ्ट एकत्र दाबा, सुटेल.