न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर फ्लाउंडर पकडण्याची योग्य पद्धत कोणती?

आपण लिहिले आहे की, भाड्याची लहान बोट घेऊन आपण दोनदा बार्नेगॅट खाडीत गेलात, नांगर टाकून गळाला माकूल लावून तासन्‌तास बसलात आणि एकही फ्लाउंडर मिळाला नाही. चूक कोठे होते, असे आपण विचारले आहे. मी बरेच उन्हाळे याच किनाऱ्यावर हा मासा धरत आलो आहे, आणि माझ्या मते दोष माकुलाचा नसून नांगराचा आहे.

उन्हाळ्यात येथे मिळतो तो समर फ्लाउंडर. बोटीवर आणि आमिषाच्या दुकानात मात्र सगळे त्याला फ्लूकच म्हणतात. कोकणातल्या बाजारात आपण लेप किंवा भाकस पाहिला असेल, तर हा त्याच चपट्या माशांच्या गणातला आहे. त्याचे दोन्ही डोळे डाव्या अंगाला असतात, तोंड मोठे आणि दात तीक्ष्ण असतात. थंड पाण्यात मिळणाऱ्या विंटर फ्लाउंडरचे डोळे उजव्या अंगाला आणि तोंड अगदी लहान असते. तेव्हा त्या माशासाठी सांगितलेले बारीक गळ आणि किड्यांचे आमिष येथे कामाचे नाही. फ्लूक वाळूत अंग पुरून, तळाचा रंग पाठीवर घेऊन, प्रवाहाकडे तोंड करून पडून राहतो आणि वाहत्या पाण्याबरोबर समोरून येणाऱ्या लहान माशावर झडप घालतो. तो मुख्यतः डोळ्यांनी शिकार हेरतो. नांगरलेल्या बोटीखालचे आमिष एकाच जागी लोंबत राहते, आणि त्या दोन हात जागेत फ्लूक नसेल तर दिवसभर बसूनही उपयोग होत नाही.

म्हणून बोट प्रवाहाबरोबर वाहू द्यावी. ताशी एक सागरी मैलाच्या आसपासचा वेग मला सर्वांत चांगला वाटतो. भरती किंवा ओहोटी पूर्ण होऊन पाणी थबकले की हा मासा खाणे जवळजवळ थांबवतो, त्यामुळे बोट ठरवण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे आणि पाणी चालते असेल असेच तास निवडावेत. वारा प्रवाहाच्या उलट असेल तर बोट जागीच राहते, आणि दोन्ही एकाच दिशेने असतील तर ती फार पळते; पळणाऱ्या बोटीला आवरण्यासाठी पाण्यात सोडायची कापडी पिशवी मिळते, ती जवळ ठेवावी. खाडीत उथळ पाणी पुष्कळ आहे, पण मासा बहुधा खोल वाटेच्या उतारावर असतो, विशेषतः ओहोटीला, कारण गवताळ उथळातून बाहेर पडणारी लहान मासळी तेथूनच जाते. एखाद्या ठिकाणी मासा लागला की जागा लक्षात ठेवून बोट पुन्हा प्रवाहाच्या वरच्या बाजूला न्यावी आणि त्याच रेषेवरून वाहू द्यावी. मासे अनेकदा एकाच पट्ट्यात सापडतात.

साधने साधी असावीत. शिसे तळाला टेकेल इतकेच जड हवे: खाडीत दोन-तीन औंस पुरतात, बाहेरच्या खोल समुद्रात अधिक लागते. दोरी फार तिरपी होऊन शिसे तळापासून सुटले, तर दोरी सोडत राहण्यापेक्षा जड शिसे बांधावे. शिशाच्या पुढे दोन-अडीच फूट तंगूस, रुंद वाकाचा गळ आणि त्यावर माकुलाची चार-पाच इंचांची, टोकाकडे निमुळती होत जाणारी पट्टी. पट्टी रुंद टोकाला एकदाच टोचावी. दोनदा टोचली की ती गोळा होऊन पाण्यात गरगर फिरते, आणि फिरणारे आमिष फ्लूक सहसा घेत नाही. किली नावाचा जिवंत लहान मासा ओठातून टोचून लावला तरी चालतो. मला स्वतःला केसाळ बकटेल जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याच्या गळाला केसांचा झुबका बांधलेले कृत्रिम आमिष, अधिक आवडते, कारण रॉडचे टोक हलकेच उचलून खाली सोडताना तळावरची प्रत्येक टकटक हाताला कळते.

मासा लागला की आमिष जड झाल्यासारखे वाटते, जणू ओली पिशवी अडकली आहे. नवशिके येथेच झटका देतात आणि अर्धी तुटलेली पट्टी वर येते, कारण फ्लूक पुष्कळदा आधी शेपटीकडचा भाग धरतो. आमिष लावलेले असेल तर रॉड थोडा खाली करून दोन-तीन क्षण थांबावे आणि मग संथपणे, पण ठामपणे उचलावे. जिगवर मात्र लगेच उचलावे.

बोटीजवळ आणल्यावर त्याचे डोके पाण्याबाहेर काढू नये. माझ्या गळाला लागलेला सर्वांत मोठा फ्लूक मी याच चुकीने गमावला: जाळी येण्यापूर्वी मी त्याला वर ओढले, त्याने पृष्ठभागावर जोरात डोके झटकले आणि गळ सुटला, तो क्षणभर तपकिरी ताटासारखा पाण्याखाली दिसला आणि तिरपा होऊन खाली गेला. जाळी आधी पाण्यात धरावी आणि माशाला डोक्याच्या बाजूने तिच्यात न्यावे.

बोट नसेल तर खाडीच्या मुखाशी असलेल्या दगडी बांधावरून किंवा थेट पुळणीवरूनही तो मिळतो. लाटा फुटतात तो वाळूचा दांडा आणि किनारा यांमधल्या खोलगट पन्हळीत तो अनेकदा अगदी जवळ असतो, म्हणून पहिली फेक लांब न टाकता किनाऱ्याला समांतर टाकावी आणि सावकाश ओढावी.

समुद्रात मासेमारीसाठी राज्याची नोंदणी विनामूल्य आहे, ती करून घ्यावी. किमान लांबी, संख्या आणि हंगामाच्या तारखा वेळोवेळी बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम पाहावेत. दिवसभरात हाती येणारे बहुतेक मासे लांबीला कमी भरतात. त्यांना ओल्या हाताने धरून, गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता तंगूस तोंडाजवळ कापून, लगेच पाण्यात सोडावे. मोठे गळ वापरले तर असे खोल गिळण्याचे प्रसंग कमी येतात.