अग्निवीरांना पेन्शन नाही, हे बरोबर आहे का?
माझ्या मते नाही. 2022 ला सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली, त्यातून भरती होणारे ते अग्निवीर, चार वर्षं नोकरी, मग जास्तीत जास्त 25 टक्के पोरं कायम आणि बाकीच्यांना साधारण 11.71 लाखांचा सेवा निधी देऊन घरी, त्यातला जवळपास निम्मा त्यांच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटीपण नाही. आमच्या ठाण्यात घोडबंदर रोडला सोसायट्यांच्या गेटवर रिटायर्ड फौजी सिक्युरिटीत दिसतात, त्यांना निदान पेन्शन तरी आहे (मेंबर लोक त्यांच्याशी कसं बोलतात ते सोडा). निमलष्करी दलांत आरक्षण ठेवलंय म्हणतात, पण आरक्षण म्हणजे नोकरीची गॅरंटी थोडीच आहे. आणि वन रँक वन पेन्शनसाठी (म्हणजे एकाच हुद्द्यावर तेवढीच वर्षं नोकरी केलेल्यांना सारखी पेन्शन) जंतरमंतरवर बसलेल्या म्हाताऱ्या फौजींना 2015 मध्ये, तेपण 14 ऑगस्टला, पोलिसांनी धक्काबुक्की करून उठवायला बघितलं होतं, मग या पोरांचं कोण ऐकणार?