रिपोर्टातलं पहिलं नाव

लेफ्टनंटसाहेब,

(असं म्हटलं की तू लाजतोस, म्हणून मुद्दाम.) एक्सरसाइझमध्ये रात्री माघार घेताना प्लाटूनची पांगापांग झाली, एक सेक्शन भलत्याच नाल्याला लागला. आता 'जवानांनी आदेश पाळला नाही' असं लिहू का, म्हणून विचारतोस. रिपोर्टात पहिलं नाव आपलं. पत्र इथेच संपायला हवं, पण तू वाद घालणार.

कापोरेत्तो वाच, पहिल्या महायुद्धातली लढाई. 24 ऑक्टोबर 1917. धुकं, विषारी वायू, इटलीची फळी फुटली. चार दिवसांत सरसेनापती कादोर्नाचं पत्रक निघालं: सेकंड आर्मीच्या तुकड्या भ्याडपणे, न लढता मागे हटल्या. रोमच्या सरकारने मजकूर मवाळ करायची धडपड केली, तोवर मूळ पत्रक परदेशी पोचलं होतं. याच गृहस्थाने आधी 217 जनरल घरी बसवले होते. नोकरी जाईल म्हणून भ्यालेला अधिकारी वर खरं कशाला कळवेल? इकडे जवान बंदुका फेकून 'चला घरी' म्हणत चालले होते. 3 नोव्हेंबरला एका तोफचीने तंबाखू ओढत ओढतच सलाम केला, तर जनरल ग्रात्सियानीने त्याला काठीने झोडपून गोळ्या घालायला लावल्या. सलामासाठी!

मग कादोर्नाच्या जागी दियाझ आला. शिस्त त्यानेही सोडली नाही. पण वर्षाची रजा दहा दिवसांनी वाढवली, जेवण सुधारलं. वर्षभरात याच सैन्याने व्हित्तोरिओ व्हेनेतोची लढाई जिंकली. माणसं तीच होती रे!

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. तिसऱ्या वर्षी नकाशा मी चुकीचा वाचला, गाडी ओढ्यात गेली, आणि रिपोर्टात नाव घातलं ड्रायव्हरचं. त्याची बढती अडली. माझं वय चोवीस, डोक्यावर तापट सी.ओ. (कमांडिंग ऑफिसर), घरी बहिणीचं लग्न ठरलेलं... कोणीही तेच केलं असतं. नाही, कोणीही नसतं केलं. सुभेदारसाहेबांना सगळं ठाऊक होतं. त्यानंतर ते मला 'साब' म्हणत, पण नजर भिंतीवर.

म्हणून पुन्हा सांगतो, कंटाळलास तरी: पहिलं नाव आपलं. सिनियर 'रगड साल्यांना' म्हणतात ना? म्हणू देत. रिपोर्टाखाली सही त्यांची नसते.

आज संध्याकाळी त्या सेक्शनच्या हवालदाराला चहाला बोलाव आणि एवढंच विचार: माघारीचा आदेश तुमच्यापर्यंत पोचला होता का? माझी पैज आहे, पोचला नव्हता. काय म्हणाला ते कळव.