जुळे तारे, द्वैती तारे की जोडतारा?

परभणीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या ताईंनी विचारलंय की बायनरी स्टारला, म्हणजे एकमेकांच्या ओढीनं बांधलेल्या आणि एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांना, मराठीत नेमकं काय म्हणायचं. एका पुस्तकात जुळे तारे, दुसऱ्यात द्वैती तारा, तिसऱ्यात युग्मतारा, आणि मोबाईलवर भाषांतर केलं तर भलतंच काहीतरी येतंय, लेकरं गोंधळायलेत. आणि अशा दोन ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहाला एका शब्दात काय म्हणावं, हा त्यांचा दुसरा प्रश्न. ताई, प्रश्न फार चांगला आहे, मी बऱ्याच दिवसांपासून यावर विचार करायलोय म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी माझं मत सांगून टाकतो, जोडतारा म्हणा. का ते आता बघू.

जुळे हा शब्द ऐकायला गोड आहे पण इथं तो चुकीचं चित्र उभं करतो. जुळी लेकरं म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं, एकाच वेळी जन्मली आणि दिसायला सारखी. आपल्याकडं जुनी माणसं जावळी लेकरं म्हणतात, जावळं केळं तर घरोघरी माहीत असतं, दोन केळी एका सालीत चिकटलेली. (जुळं आलंय संस्कृत युगल वरून आणि जावळं आलंय यमल वरून, म्हणजे दोन वेगळे शब्द घासून घासून एका अर्थावर येऊन बसले, मला हे फार आवडतं.) पण जुळी लेकरं मोठी झाली की एक पुण्याला जातं आणि एक गावातच राहतं, त्यांना एकमेकाला धरून राहायचं बंधन नसतं. ताऱ्यांच्या जोडीत नेमकं उलटं असतं, दिसायला अजिबात सारखे नसले तरी चालतात, पण एकमेकाला सोडून जाता येत नाही. व्याधाचंच बघा ना. आपल्याला रात्रीच्या आकाशात सगळ्यात तेजस्वी दिसणारा तो तारा, त्याचा जोडीदार म्हणजे एक विझत चाललेला श्वेत बटू, आकारानं पृथ्वीएवढा आणि वजनानं जवळपास सूर्याएवढा. व्याध सरळ रेषेत न सरकता डुलत डुलत सरकतोय हे बघून जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलनं १८४४ मध्येच सांगितलं होतं की याच्यासोबत न दिसणारं कुणीतरी आहे, आणि प्रत्यक्ष तो दिसला १८६२ मध्ये, अमेरिकेतला दुर्बीण बनवणारा अल्व्हन ग्रॅहम क्लार्क नवी दुर्बीण तपासत होता तेव्हा. दोघांचा एक फेरा साधारण ५० वर्षांचा. आता या दोघांना जुळे कोण म्हणेल.

आणि जुळे म्हणण्यात अजून एक अडचण आहे, ती मला सगळ्यात मोठी वाटते. आकाशातले सगळ्यात प्रसिद्ध जुळे म्हणजे मिथुन राशीतले, पुनर्वसूचे दोन ठळक तारे, कॅस्टर आणि पोलक्स, ग्रीक कथेत ते जुळे भाऊ आहेत. पण ते एकमेकांचे कुणीच नाहीत! पोलक्स आपल्यापासून साधारण ३४ प्रकाशवर्षांवर आणि कॅस्टर साधारण ५१ वर. फक्त आपल्या नजरेला शेजारी दिसतात. आणि त्यातला एकटा कॅस्टर दुर्बिणीतून आणि वर्णपटातून (म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगारंगांत फाकवून) बघत गेलं तर सहा ताऱ्यांचा निघतो, तीन जोड्या एकमेकींभोवती फिरणाऱ्या. म्हणजे ज्यांना जगानं जुळे म्हटलं ते जोडी नाहीत आणि ज्याला एकटा समजलं तो तीन जोड्यांचा संसार आहे. लेकरांना हे सांगून बघा, एकदा ऐकलं की विसरत नाहीत.

यातून अजून एक मुद्दा निघतो. शेजारी दिसणं वेगळं आणि बांधलेलं असणं वेगळं, आणि या दोन गोष्टींना दोन शब्द लागतात. इंग्रजीतसुद्धा आधी नुसतं डबल स्टार म्हणायचे, खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलनं १८०२ मध्ये एकमेकांच्या ओढीनं बांधलेल्या ताऱ्यांसाठी बायनरी हा शब्द वेगळा काढला, आणि पुढच्याच वर्षी कॅस्टरची आणि इतर काही ताऱ्यांची वर्षानुवर्षांची मोजमापं मांडून दाखवून दिलं की हे खरोखर एकमेकांभोवती फिरायलेत. मराठीत आपण दोन्हीला एकच शब्द वापरला तर हर्शेलनं केलेली निवड वाया जाते. म्हणून मी नुसत्या शेजारी दिसणाऱ्यांना नजरेची जोडी म्हणतो, मकर राशीत असे दोन तारे नुसत्या डोळ्यांनी चिकटून दिसतात, त्यातला एक शंभरेक प्रकाशवर्षांवर आहे आणि दुसरा त्याच्या कितीतरी पट लांब. ती नजरेची जोडी. आणि बांधलेला तो जोडतारा.

आता द्वैती. हा शब्द पुस्तकात बराच दिसतो आणि वैज्ञानिक लोक वापरतात, त्यांना नावं ठेवायची नाहीत मला. पण आपल्या मुलखात, जिथं नामदेवांची नरसी आहे, जनाबाईचं गंगाखेड आहे, नाथांचं पैठण आहे, तिथं द्वैत हा शब्द कीर्तनातून कानावर पडलेला असतो, आणि तिथं द्वैत म्हणजे भेद, मी वेगळा तू वेगळा. म्हणजे ज्या दोघांचं सगळं वैशिष्ट्यच बांधलेपण आहे त्यांना आपण तुटलेपणाचा शब्द देतोय. माझ्या आईला मी एकदा द्वैती तारा म्हणजे काय असेल सांग म्हटलं तर ती म्हणाली, भांडण झालेले असतील. तिच्या कानाला तो शब्द तसाच ऐकू आला आणि तिचं बरोबरच होतं.

द्वितारा असंही कुणी कुणी लिहितं, पण ते वाद्याचं नाव वाटतं. एकतारी घेऊन भजन म्हणणारा माणूस ज्यानं बघितलाय त्याला द्वितारा म्हटलं की तार आठवणार, तारा नाही. आणि मोबाईलच्या भाषांतराचं म्हणाल तर त्याला बायनरी म्हणजे शून्य आणि एकची संख्यापद्धत एवढंच ठाऊक असतं, तिला आपण गणितात द्विमान म्हणतो, म्हणून कधी कधी द्विमान तारा असा प्रकार समोर येतो. तो फळ्यावर येऊ देऊ नका.

युग्मतारा मात्र चांगला शब्द आहे, त्याचं मूळ युज्, जोडणं, जुंपणं. संस्कृत युग म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू, आपलं जू त्याच युगवरून आलंय आणि इंग्रजीतलं योक पण त्याच कुळातलं. म्हणजे युग्मतारा म्हणजे एका जुवाला जुंपलेले तारे. परीक्षेत, लेखात, खुशाल युग्मतारा लिहा. पण सातवीच्या वर्गात युग्म म्हटलं की आधी युग्म म्हणजे काय ते सांगावं लागतं, आणि जोड म्हटलं की काहीच सांगावं लागत नाही. जोडाक्षर त्यांनी दुसरीतच शिकलेलं असतं, जोडपं, जोडीदार, जोडवी, सगळं घरातलं आहे.

मागच्या एप्रिलात आमच्या अंबाजोगाईला गच्चीवर छोटी दुर्बीण लावून आसपासच्या पोरांना सप्तर्षी दाखवत होतो, शेपटीतला मधला वसिष्ठ, त्याला चिकटून बारीक अरुंधती. लग्नात भटजी नवरानवरीला दाखवायला लावतात ती. नुसत्या डोळ्यांनी हे दोन दिसतात, पण दुर्बिणीत वसिष्ठ एकटाच फुटून दोन होतो, एक जरा मोठा ठिपका आणि त्याच्या कुशीत एक लहान, आणि अरुंधती तिकडं वेगळी लांब. शेजारचे एक काका, शेती करून थकलेले, डोळा लावून बघितलं आणि म्हणाले, "ही तर बैलजोडी हाय की रे." मी म्हटलं काका, त्या दोन ठिपक्यांतला प्रत्येक ठिपका परत दोन ताऱ्यांचा आहे, आणि अरुंधती पण दोन ताऱ्यांची आहे. वसिष्ठातल्या मोठ्या ठिपक्याचं दुपेडी असणं १८८९ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ पिकरिंग यांनी प्रकाशाच्या वर्णपटावरून ओळखलं, दुर्बिणीतून ते कुणालाच दिसलं नव्हतं. काकांनी परत डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

बैलजोडी हा शब्द मला आवडला, तरी शिकवताना एक लक्षात ठेवा, जुंपलेले बैल एकाच दिशेनं चालतात आणि तारे कायम समोरासमोर असतात. त्यासाठी फुगडी सांगा. दोघी हात घट्ट धरून गरगरतात, एक अंगानं भारी आणि एक हलकी असेल तर भारी जवळजवळ जागच्या जागी फिरते आणि हलकी मोठा घेर काढते, दोघींच्या मधे एक जागा असते जी हलत नाही, तोच गुरुत्वमध्य. कुणीच कुणाभोवती फिरत नाही, दोघी त्या मधल्या जागेभोवती फिरतात. वर्गात दोन पोरींना उठवून फुगडी घालायला लावली तर पाच मिनिटांत सगळं कळतं.

वापरायचं कसं तेही सांगतो कारण तिथं लोक अडखळतात. जोडपं म्हटलं की माणसं दोन पण शब्द एकवचनी, तसंच जोडताऱ्याचं करायचं. व्याध हा जोडतारा आहे. मित्र हा जोडतारा आहे (नरतुरंगातला तो पिवळसर तारा, मे अखेरीस रात्री अकराच्या सुमारास आपल्याकडून दक्षिणेला अगदी खाली दिसतो, त्यातले दोन तारे साधारण ८० वर्षांत एक फेरा करतात, आणि त्यांच्यासोबतचा लांबचा मंद तारा प्रॉक्सिमा धरला तर ते त्रिकूट होतं). जोडतारे म्हटलं की अशा अनेक जोड्या. आणि जोडीतल्या एकाबद्दल बोलायचं असेल तर जोडीतला थोरला, जोडीतला धाकटा किंवा सरळ जोडीदार. "दोन जोडतारे एकमेकांभोवती फिरतात" असं लिहिलं की त्याचा अर्थ चार तारे होतो.

आता ग्रहाचा प्रश्न. इथं मुळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत दोन्हीला सरसकट दोन सूर्यांचा ग्रह म्हणतात, तिथंच घोळ आहे. पहिला प्रकार, ग्रह दोन्ही ताऱ्यांना मिळून बाहेरून फेरा घालतो. केप्लर-१६बी हा त्यातला, २०११ मध्ये जाहीर झाला, साधारण शनीएवढा, आत दोन तारे ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात आणि ग्रह दोघांना मिळून २२९ दिवसांत एक फेरा घालतो. दुसरा प्रकार, ग्रह जोडीतल्या एकाचाच असतो आणि दुसरा तारा लांबून बघत असतो. वृषपर्वा तारकासमूहातल्या गॅमा ताऱ्याचा ग्रह असा आहे, तो आपल्या ताऱ्याभोवती साधारण अडीच वर्षांत फिरतो आणि जोडीदार तारा तिथून इतका लांब की आपल्या सूर्यापासून युरेनस आहे साधारण तेवढा. फुगडीचंच चित्र पुढं न्या, पहिला ग्रह म्हणजे दोघींभोवती पळणारं तिसरं लेकरू, ते फार जवळ आलं तर धक्का लागून फेकलं जाणार, म्हणून त्याला लांबूनच पळावं लागतं, केप्लर-१६बी त्या दोन ताऱ्यांमधल्या अंतराच्या तिप्पट लांब आहे. आणि दुसरा ग्रह म्हणजे एकीच्याच डोक्याभोवती घिरट्या घालणारा भुंगा, त्यानं तिच्या जवळच राहायचं, लांब गेला की दुसरी त्याला ओढणार.

म्हणून मी पहिल्याला जोडीभोवतीचा ग्रह म्हणतो आणि दुसऱ्याला जोडीतल्या एकाचा ग्रह. एका शब्दात नाही बसत, मान्य आहे, पण मराठी चा-ची-चे लावून हे काम फार सहज करते आणि ऐकणाऱ्याला लगेच दिसतं कोण कुणाभोवती आहे. परियुग्मी (परि म्हणजे भोवती) वगैरे घडवता येईल, पण तो शब्द वाचून डोळ्यासमोर काहीच येत नाही. दुमजली, दुपदरी, दुपाखी या चालीवर दुसूर्यी करून बघितलं मी, जिभेवर चढेना, सोडून दिलं.

आणि ताई, दोन सूर्य म्हणजे दुप्पट ऊन असं पोरांना वाटतं, आपल्याकडचा मे महिना आठवून वाटणारच. तसं नाही. केप्लर-१६ मधले दोन्ही तारे आपल्या सूर्यापेक्षा लहान आणि मंद आहेत, त्या ग्रहावर पाणी गोठून बसेल एवढी थंडी आहे.

शेवटी तुमच्या वर्गातल्या त्या मुलीनं विचारलेलं, जे तुम्ही सहज लिहिलंय आणि मला सगळ्यात जास्त आवडलं, की तिथं दिवस मावळला असं कधी म्हणायचं. पोरीनं बरोबर गाठ पकडली. आपल्याकडं दिवस हा शब्द वेळेलाही आहे आणि खुद्द सूर्यालाही, दिवस उगवला, दिवस डोक्यावर आला, दिवस बुडाला, यात आपण सूर्यच म्हणत असतो. मग दोन सूर्यांच्या ठिकाणी "दोन दिवस बुडाले" म्हटलं तर ऐकणारा परवाची गोष्ट समजेल. केप्लर-१६बी वरून बघणारं कुणी असतं तर ते दोन सूर्य कधी एकमेकांच्या मागंपुढं येऊन एकच वाटले असते, आणि कधी हात लांब करून वीत धरल्यावर जेवढं अंतर दिसतं जवळजवळ तेवढे दूर दिसले असते, कधी थोरला आधी टेकला असता तर काही आठवड्यांनी धाकटा आधी. तिला सांगा की शब्द तोच ठेव, फक्त नात्यानं हाक मार, आपल्या बांधावरचा माणूस जसा म्हणाला असता तशी, "धाकटा दिवस टेकला, थोरला आजून कासराभर वर हाय."